आत्याची गच्ची

तुम्ही माझ्या आत्याला लबाड ठरवलंत. तेही माईकवरून, भरल्या हॉलमध्ये, चेहऱ्यावरची माशीही न हलू देता. जिला मोबाइलवर आलेला फोन उचलण्यापलीकडे काही जमत नाही, त्या बाईने म्हणे तुमच्या मशीनमध्ये फेरफार केला. तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर उगाच मोठे व्हाल. तुम्ही कोण ते तुम्हाला कळलंय, तेवढं पुरे. आठ वर्षं झाली, पण माझा राग शिळा झालेला नाही. तेव्हा नीट बसा आणि ऐका, कारण त्या दिवशी तुम्ही कुणाचंच ऐकून घेतलं नव्हतं.

सुरुवात झाली आमच्या इचलकरंजीच्या घरात, पुढच्या सोप्यात.

"सुक्या, हे कपाट हाय का देव्हारा?" त्रिशलाआत्या दारातूनच ओरडली. "आणि त्यातनं हे पाय कुणाचे बाहेर आल्यात?"

"इरफानचे," मी म्हणालो. "आत वायरी जोडतोय."

"आत्या, सलाम!" पेटीच्या पोटातून आवाज आला. "हात मोकळा न्हाई, पायानंच करतो."

"गप मेल्या."

इरफान मोमीन माझा शाळेपासूनचा दोस्त. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि दुकानापेक्षा तोंड जास्त चालवतो. आम्ही दोघांनी मिळून जुन्या शोकेसच्या प्लायवूडची माणसाएवढी पेटी केली होती. वर जुना मॉनिटर, खाली तिरपी फळी, फळीवर लाल गोट्याची जॉयस्टिक आणि एक बटण. आत एक छोटा कॉम्प्युटर, त्यात एम्युलेटर. म्हणजे असा प्रोग्रॅम, जो पार्लरमधले जुने गेम जसेच्या तसे चालवतो. हा खटाटोप आम्ही आमच्या हौसेसाठी केला असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. खरं कारण आत्या होती.

जुन्या स्टँडजवळ आत्याचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. काकांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्याने, काढलं आणि दोन महिन्यांत कंटाळून सोडलं. पुढे दहा वर्षं ते आत्याने एकटीने चालवलं. गावातल्या बायका तिला नावं ठेवायच्या आणि त्यांचीच पोरं शाळा बुडवून तिच्याकडे यायची. तिथे गेमची खरी नावं कुणाला माहीत नव्हती. एक होता विमानवाला, एक मोटारवाला. आणि सगळ्यांचा लाडका होता शिडीवाला. त्यात एक चोर, तीस मजल्यांची इमारत, मजल्यामजल्यावर राखणीची कुत्री. शिड्या चढायच्या, कुत्रं आडवं आलं की बटण दाबून दगड मारायचा. तीस मजले झाले की गेम पुन्हा पहिल्या मजल्यापासून सुरू. गावाला एवढंच माहीत होतं.

आत्या म्हणायची, तिसाव्या मजल्यावर गच्ची आहे.

"चांदणं हाय, बाज हाय," ती सांगायची. "चोर तिथं जाऊन झोपतोय. मी सोता बघितलंय. दुपारी, दुकानात कोण न्हवतं तेव्हा."

कुणीच नव्हतं, हीच अडचण. तिच्याशिवाय ती गच्ची कुणी पाहिलेली नव्हती. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, आत्याचे थोरले भाऊ. त्यांनी याची घरात म्हणच करून टाकली. बिल्डरने लिफ्ट बसवून देतो म्हटलं, की आण्णा म्हणायचे, "आत्याची गच्ची." पुढारी रस्त्याचं आश्वासन देऊन गेला, आत्याची गच्ची. जावईबापू दिवाळीला नक्की येतो म्हणाले, तेही गच्चीवर गेले. पार्लर बंद पडलं, काका गेले, पण गच्ची काही आत्याच्या मागची सुटली नाही. भावाच्या घरी जेवायला बसलं की स्वतःचं नाव खोटेपणाला लावलेलं ऐकायचं आणि वर आमटी वाढून घ्यायची. ती हसायची. पण मी तिच्या शेजारी बसायचो, आणि अशा वेळी तिचा घास ताटातच थांबायचा हे मला दिसायचं.

तिच्या माळ्यावर पडलेल्या जुन्या बोर्डावरून इरफानने तो गेम उतरवून घेतला. आता फक्त जॉयस्टिक सेट करायची होती.

ते काम सोपं असतं. स्क्रीनवर येतं 'वर', तुम्ही दांडी वर ढकलायची. येतं 'खाली', खाली ओढायची. तसंच डावं, उजवं. इरफानने चारही दिशा लावल्या, मी दोन मजले चढून पाहिले. झकास.

"या, त्रिशलाबाई," आण्णा खुर्चीतून म्हणाले. पेपर त्यांनी मुद्दाम खाली ठेवला. "दाखवा गच्ची."

आत्या समोरच्या स्टुलावर बसली. दांडी धरली. चोर शिडीपाशी गेला, थबकला, भिंतीवर धडकला आणि कुत्र्याने त्याची पोटरी धरली. दुसरा चोरही तसाच गेला. तिसरा तर उलटा पळत जाऊन कुत्र्याच्या तोंडात शिरला.

"गच्ची लांब राहिली," आण्णा म्हणाले. "जोतंसुद्धा चढली न्हाईस की गं."

"तुमचं दांडकं येडं हाय," आत्या म्हणाली.

"आत्याचं बरोबर आहे," इरफान पेटीखाली घुसत म्हणाला. "ही दांडी आठ दिशांना फिरते. शिडीच्या गेमला चारच दिशा पाहिजेत. तिरकी गेली की चोर गोंधळतो." दांडीच्या बुडाशी एक प्लास्टिकची प्लेट असते. ती काढून फिरवून बसवली, की दांडी फक्त अधिक चिन्हासारखी हलते. त्याने ती फिरवली. आत्या पुन्हा बसली. पुन्हा तीन चोर मेले.

मग आम्ही स्प्रिंग बदलली. दांडी ढिली केली, घट्ट केली. इरफानने आतल्या स्विचांचा टिकटिक आवाज कान लावून ऐकला. दर वेळी आत्या बसायची आणि दर वेळी कुत्र्यांचं जेवण व्हायचं. आण्णांना इतकं हसू आलं की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"हात गेला माझा," आत्या एकदम हळू म्हणाली आणि उठली. पेटीच्या उजव्या अंगाला तांदळाचा पत्र्याचा डबा होता, त्यावर जाऊन बसली. तोंड आमच्याकडे नाही, पेटीच्या बाजूच्या फळीकडे.

इरफानला शांतता सोसत नाही, म्हणून तो स्वतःच खेळायला बसला. पहिला मजला. कुत्रं आलं, त्याने दगड हाणला.

"कुत्र्याला कशाला मारतोस रे?"

"आत्या, शंभर पॉइंट मिळतात."

"मिळूदेत. ते काय करतंय तुला? बाजूनं जा की. आता थांब. थांब म्हणते न्हवं? आता शिडी. शिडी! अरे देवा, सोड, सोड ते!"

आणि आत्याचा डावा हात बाजूने आत आला. इरफानचा हात झटकून तिने दांडी धरली. डब्यावरून उठली नाही, फक्त मान वळवून तिरक्या नजरेने स्क्रीनकडे बघत राहिली. चोर शिडीवर चढला. दुसऱ्या मजल्यावर दोन कुत्री होती. तो पहिल्याला हूल देऊन दुसऱ्याच्या मागून निघून गेला. तिसरा मजला. चौथा. दांडीचा टिक टिक आवाज शिवणयंत्रासारखा एका लयीत येत होता. इरफान स्टुलावरून घसरून जमिनीवर बसला.

"आत्या," मी म्हणालो, "समोर बसून का जमत न्हवतं तुला?"

"समोर?" तिने दांडी न सोडता माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिला छपरावर बसायला सांगितलं. "मी समोर कधी बसले? समोर गिऱ्हाईक बसायचं."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पार्लरमध्ये गल्ल्याच्या टेबलाला मशीन चिकटवून ठेवलेलं असायचं. गल्ल्याला कुलूप नव्हतं, त्यामुळे आत्याला जागचं हलता येत नसे. दुपारी पोरं शाळेत असली की ती गल्ल्यावर बसल्या बसल्या बाजूने हात घालून खेळायची. दहा वर्षं. मशीनची 'वर' ही दिशा तिच्या हाताला 'उजवीकडे' होती. मशीनचं उजवं म्हणजे तिच्या स्वतःकडे. तिच्या हाताचं काही बिघडलेलं नव्हतं. आम्ही तिला तिच्या जागेवरून उठवलं होतं.

"मग ऱ्हाऊदे की तिला बाजूलाच," आण्णा म्हणाले.

"मानेला पट्टा हाय माझ्या," आत्या म्हणाली. "पाच-सात मजले झाले की मुंग्या येत्यात."

"मान सरळ, दिशा वाकड्या!" इरफान उठला. "आत्या, समोर बसा. डोळे मिटा. तुम्ही दुकानात हाय. गल्ला कुठल्या हाताला?"

"उजव्या."

त्याने स्वयंपाकघरातून स्टीलचा डबा आणून तिच्या उजव्या हाताखाली ठेवला आणि दिशा लावायचं ते सेटिंग पुन्हा उघडलं. "हा गल्ला. आता डोळे न उघडता सांगा, चोराला वर न्यायचाय."

आत्याचा डावा हात उजवीकडे गेला. टिक.

"खाली." डावीकडे. टिक.

"उजवीकडं." दांडी तिने स्वतःकडे ओढली. "डावीकडं." पुढे ढकलली.

"झालं!" इरफान म्हणाला. "असली जॉयस्टिक अख्ख्या जिल्ह्यात दुसरी न्हाई."

आत्याने डोळे उघडले आणि खेळायला लागली. डबा तिने शेवटपर्यंत सोडला नाही. दहा मजले झाले, पंधरा झाले. आण्णांचं हसू बंद पडलं. विसाव्याला ते खुर्ची पुढे ओढून बसले. एकविसाव्याला लाइट गेली.

अंधारात पहिलं तोंड आण्णांनी उघडलं. "बघा. गच्चीवर लाइट न्हाई वाटतं."

सगळे हसले. आत्या हसली नाही. काळ्या पडलेल्या काचेकडे बघत म्हणाली, "आता तुला घरात दाखवणारच न्हाई मी. घरात दाखवली तर म्हणशील, पोरांनी पेटीत कायतरी घातलं. चार लोकांत दाखवते. लोकांच्या मशीनवर."

आणि असे आम्ही तुमच्या दारात आलो.

कोल्हापुरात तुमची ती जुन्या गेमची स्पर्धा होती. एका रांगेत चिकटून मशीन मांडलेली, मध्ये बोट जाईल एवढीही जागा नाही. शिडीवाला गेम तिथे होता आणि वर त्याचं खरं इंग्रजी नाव झळकत होतं. आत्याने ते वाचायची तसदी घेतली नाही. चोराला बघून म्हणाली, "हाच तो." पुन्हा सांगतो, मशीन तुमचं, गेम तुमचा, कॉम्प्युटर तुमचा. आम्ही घरून आणली ती फक्त आत्या.

तुम्हीच माईकवरून म्हणालात, "प्रत्येक खेळाडूने आपापल्या सोयीने कंट्रोल लावून घ्यावेत. आमचे स्वयंसेवक मदत करतील." आमच्या आधी एक पिवळ्या टी-शर्टवाला डावखुरा होता. त्याला बटण दुसऱ्या अंगाला पाहिजे होतं. तुमच्या पोरीने हसत हसत बदलून दिलं. तुम्ही शेजारी उभे राहून मान डोलावलीत. आठवतं?

मग आत्याची पाळी.

"आजी, तुम्ही खेळणार?" तुमची पोरगी म्हणाली.

"न्हाई, आरती करायला आले," आत्या म्हणाली. "ते दिशेचं तेवढं लावून दे."

स्क्रीनवर 'वर' आलं, आत्याने दांडी उजवीकडे सारली. पोरगी म्हणाली, "आजी, वर म्हणजे वर."

"बाळ, तुझं वर तुझ्यापाशी. माझं हिकडं हाय."

पोरगी खळखळून हसली आणि चारही दिशा तिने स्वतःच्या हाताने सेव्ह केल्या. आत्याने मांडीवरची पर्स उजव्या हाताखाली घेतली आणि सुरू झाली.

दहाव्या मजल्यापर्यंत आम्ही तिघंच बघत होतो. विसाव्याला पाठीमागे गर्दी झाली. "दगड मारत नाहीये बघ." "मारायला येत नसेल." "अरे, कुत्रं अंगावरून गेलं!" आण्णा माझं मनगट धरून उभे होते आणि त्यांना ते माहीत नव्हतं. एकोणतिसाव्याला तुम्ही आलात. गर्दी बाजूला सारून थेट आत्याच्या खांद्यामागे उभे राहिलात. तिसावा मजला. शेवटची शिडी. चोर वर गेला.

स्क्रीन काळी झाली.

"संपलं," कुणीतरी म्हणालं. "आता परत पहिल्यापासून."

आत्याने दांडी सोडली आणि पदराने तोंड पुसलं. "बघा आता," ती म्हणाली.

काळ्या स्क्रीनवर एकेक चांदणी लागत गेली. मग चंद्र. मग गच्चीचा कठडा, आणि मधोमध बाज. चोर आला, बाजेवर पाय लांब करून आडवा झाला. एक बारीकशी सुरावट सुरू झाली. आणि मग जिन्यातून पहिलं कुत्रं वर आलं. शेपूट हलवत. त्याच्यामागे दुसरं, तिसरं. प्रत्येक मजल्यावरचं कुत्रं येत गेलं आणि बाजेभोवती पुढच्या पायांवर हनुवटी टेकून बसलं. गच्ची भरली. खाली पॉइंटचे आकडे धावत सुटले ते थांबेचनात.



तेव्हा मला कळलं. दगड खाल्लेलं कुत्रं कशाला वर येईल? आणि कुत्री नाहीत तर गच्ची नाही. अख्ख्या गावाने शंभर-शंभर पॉइंटसाठी दगड मारले, म्हणून अख्खं गाव तिसाव्या मजल्यावरून परत खाली पडत राहिलं.

"आत्या, तू कधीच दगड मारला न्हाईस?"

"कुठल्या हातानं मारू?" ती म्हणाली. "एक दांड्यावर, एक गल्ल्यावर."

इथे तुम्ही बोललात. "हा स्क्रीन या गेममध्ये नाही."

"दिसतोय की समोर," इरफान म्हणाला.

"मी लहानपणापासून हा गेम खेळतोय. असं काही त्यात नाही. सेटिंगला कोणी हात लावला?"

"तुमच्याच पोरीनं, सर."

"दिशा बदलल्या आहेत! कंट्रोल बदलायची मुभा होती, दिशा बदलायची नव्हती."

"मग त्या पिवळ्या टी-शर्टवाल्याचं काय?"

"ते बटण होतं. ही दिशा आहे."

हे वाक्य मी अजून जपून ठेवलंय. पाहुणे आले की त्यांना ऐकवतो. आणि मग तुम्ही खाली वाकून मशीनची पिन उपसलीत. चंद्र गेला, बाज गेली, कुत्री गेली. माईक घेतलात आणि म्हणालात, "एका स्पर्धकाने मशीनमध्ये फेरफार केल्याने त्यांना बाद करण्यात येत आहे. असे लबाडीचे प्रकार खपवून घेतले जाणार नाहीत."

आत्या स्टुलावरून उठली नाही. पर्स धरून बसून राहिली, काळ्या काचेसमोर. तसाच चेहरा मी आमच्या जेवणाच्या पंगतीत पाहिला होता.

मी पुढे झालो, पण माझ्या आधी आण्णा गेले. उभ्या जन्मात सुताच्या पेढीवर मालकापुढे आवाज न चढवलेला माणूस. त्यांनी तुमच्या हातातला माईक खाली दाबला.

"ही माझी बहीण हाय," ते म्हणाले. "वीस वर्षं मी हिला खोटी म्हटलं. सकाळ-संध्याकाळ. मला हक्क हाय, मी भाऊ हाय. तुम्ही कोण?"

"हे बघा काका, नियम..."

"नियम ऱ्हाऊदे. मी बघितली. गच्ची हाय." मग ते वळले आणि तिला म्हणाले, "तिशे, हाय गं. गच्ची हाय."

आत्याने मान वर केली. "कुत्री मोजलीस?"

"न्हाई. चश्मा ओला झाला."

"मग काय बघितलंस डोंबल," ती म्हणाली आणि उठली.

येताना एसटीत इरफान तुम्हाला एवढ्या शिव्या घालत होता की कंडक्टरने त्याला पुढे बोलावून घेतलं, सगळं विचारलं आणि स्वतःच्या दोन भर घातल्या. आण्णा खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्या दिवसापासून आमच्या घरात ती म्हण कुणी वापरत नाही. जावईबापूंसाठी नवीन शोधावी लागली.

हातकणंगल्याच्या पुढे आत्या मला म्हणाली, "सुक्या, कप त्यांचा त्यांना लखलाभ. मला नको. फक्त एक विचार त्यांना."

तेच मी विचारतोय. दोनदा फोनवर विचारलं, तुम्ही मीटिंगमध्ये होता. एकदा ऑफिसात येऊन विचारलं, तुम्ही मला नियम वाचून दाखवलात. आत्या अजून ठणठणीत आहे, रोज दुपारी हात बाजूला डब्यावर ठेवून गच्चीवर जाऊन येते. नातवंडांनी पाहिली, शेजाऱ्यांनी पाहिली, गावातल्या नावं ठेवणाऱ्या बायकाही येऊन बघून गेल्या. पण ती म्हणते, हे सगळे आपले. त्या दिवशीची गर्दी कुठल्या कुठे पांगली, नाव-गाव माहीत असलेला परका एकच उरला. तो पाठीमागे उभा होता, जवळ, श्वास ऐकू येईल इतका जवळ.

तेव्हा मला नियम सांगू नका. बटण आणि दिशा यातला फरक तर मुळीच सांगू नका. पिन उपसायच्या आधी तुम्ही तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता आणि पहिलं कुत्रं शेपूट हलवत वर आलं तेव्हा तुमच्या तोंडून "अरे!" निघालं होतं. ते मी ऐकलं, आण्णांनी ऐकलं, आत्याने ऐकलं.

गच्ची दिसली होती का नाही? हो का नाही, एवढंच बोला.